आईला घेऊन काशी: मुक्काम घाटावर, अस्सीला की कँटला?

कृष्णाकाठ
मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस काशी करायची आहे. मी, बायको आणि आई. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण तोंडी पालुपद एकच, ‘मला काही होत नाही.’ पुण्याहून ज्ञानगंगाचं तिकीट झालंय. अडलंय ते राहण्यावर. आईला सकाळी उठल्या उठल्या खिडकीतून गंगा दिसली पाहिजे. बायकोला लिफ्ट आणि गरम पाणी. दशाश्वमेध घाटाजवळ एक खोली बघून ठेवलीय, फोटोत गंगा अगदी उशाशी. तेवढ्याच पैशांत कँटला, म्हणजे छावणी भागात, बरंच मोठं हॉटेल मिळतंय, स्टेशनही जवळ. काय करू?

भटक्या_नाशिक
डोळे मिटून कँट. मोकळे रस्ते, लिफ्ट, शांत झोप. सारनाथही तिथून सोयीचं. फक्त शुक्रवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं. चार सिंहांचा मूळ स्तंभशीर्ष तिथेच आहे, तो न बघता परत येऊ नये.

ओसरीवरची
कँट नको आणि ती उशाशी गंगावालीही नको. आधी एक खुलासा: ज्ञानगंगा बनारस स्टेशनला जाते, म्हणजे जुनं मंडुवाडीह. कँट स्टेशन वेगळं. त्यामुळे ‘स्टेशन जवळ’ हा मुद्दा तुमच्यापुरता निकालात.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी सासूबाईंना नेलं होतं. आमच्याही खोलीच्या जाहिरातीत ‘घाटापासून दोन मिनिटं’ होतं. ते खोटं नव्हतं. रिक्षा कुठे थांबते, तेवढं लिहिलं नव्हतं. गोदौलिया चौकात रिक्षावाला म्हणाला, ‘बस, यहीं तक’, आणि बॅगा खाली. तिथून पुढे गल्ल्या. हॉटेलचा पोऱ्या बॅग डोक्यावर घेऊन जो सुटला तो वळणावर फक्त त्याची टाच दिसायची. मध्येच एक बैल आडवा उभा. सासूबाईंनी त्याला मनोभावे नमस्कार केला आणि तेवढ्यात दम खाऊन घेतला. पुढे बारा पायऱ्या खाली, वळसा घालून एकोणीस वर, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. एकूण ७९. मी मोजल्या, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं.

खिडकीतून गंगा मात्र खरंच सुंदर दिसत होती. इतकी, की दुसऱ्या दिवशीपासून सासूबाई तिला खिडकीतूनच हात जोडायला लागल्या. खाली उतरायचं नाव नाही. काशीला येऊन पाण्यात पाय बुडवायचे राहिले! तिसऱ्या दिवशी मी भरलेल्या पैशांवर पाणी सोडलं आणि मुक्काम अस्सी घाटापाशी हलवला.

अस्सीला रिक्षा घाटाच्या तोंडाशी येते. घाट ऐसपैस आहे. पहाटेची आरती तिथेच होते, त्यामुळे अंधारात कुठे धावायचं नाही. संध्याकाळची दशाश्वमेधची आरती आम्ही नावेतून बघितली. नाववाल्याला आधीच सांगितलं होतं की म्हातारं माणूस आहे, नाव पायरीला नीट टेकव आणि हात दे. शिवाय भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान अस्सीहून अगदी जवळ आहे. आपली मंडळी ते न बघताच परततात, का कोण जाणे.

तोटाही सांगते. विश्वनाथाच्या दर्शनाला गोदौलियापर्यंत ई-रिक्षा, पुढे चालणं सुटत नाही. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो खोलीवरच ठेवा, नाहीतर लॉकरच्या रांगेत वेगळी तपश्चर्या. आणि बीएचयू, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठ, जवळ असल्याने अस्सीला पोरांच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. रस्त्याकडची खोली घेऊ नका.

पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: रिक्षा थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती? ‘लिफ्ट है’ म्हणाले तर ती कुठून सुरू होते तेही विचारा. आम्ही बघितलेल्या एका ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच नऊ पायऱ्या होत्या.

रिकामा_पिशवीवाला
मी दुर्गाघाटाजवळ राहिलो होतो. आसपास जुनी मराठी घरं आहेत, एका ओट्यावरच्या आजी माझ्याशी अस्सल मराठीत बोलल्या. फार मजा आली, पण तेव्हा गुडघे पंचविशीचे होते. आईंना घेऊन नको.

तारीख मात्र तपासा. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, सगळे घाट पणत्यांनी भरतात आणि खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. तो दिवस मुद्दाम बघायचा नसेल तर आधी किंवा नंतर जा. थंडी पडली असेल तर सकाळी मलइयो खा, दुधाचा नुसता फेस असतो, जिभेवर ठेवेपर्यंत गायब.

कृष्णाकाठ
ओसरीवरची, आत्ताच दशाश्वमेधवाल्यांना फोन केला. पायऱ्या किती, विचारल्यावर पलीकडचा माणूस जरा थांबला. मग म्हणाला, ‘थोड़ी-सी हैं.’ थोड़ी म्हणजे किती? ‘गिनी नहीं कभी.’

अस्सीला दोन ठिकाणी विचारतोय. आई शेजारी बसून सगळं ऐकतेय. तिचं म्हणणं, नावेत बसायला मिळणार असेल तर खिडकीचं बघू.

ओसरीवरची
मग झालंच की काम. नावेचा भाव बसायच्या आधी ठरवा, आणि त्यांच्यासाठी शाल जवळ ठेवा, पाण्यावर गार वारा लागतो.