प्रीस्कूलच्या दिवाळी पार्टीसाठी नट-फ्री खाऊ सुचवा

लेकीच्या प्रीस्कूलमध्ये (न्यू जर्सी) दिवाळीची छोटी पार्टी आहे आणि खाऊ आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलंय. वर्गात सोळा मुलं, सगळी तीन-चार वर्षांची. शाळेचे नियम असे: शेंगदाणे नकोत, काजू-बदाम-पिस्ते-अक्रोड नकोत, एका मुलासाठी तीळही नकोत. घरी केलेलं चालणार नाही. दुकानातलं सीलबंद पाकीटच हवं, त्यावर घटक छापलेले हवेत.

मग फराळातलं उरलं काय? चिवड्यात दाणे, चकलीत तीळ, करंजीच्या सारणात सगळा सुकामेवा. शंकरपाळे तेवढे निरुपद्रवी. इंडियन स्टोअरमध्ये त्यांची पाकिटं ढिगाने आहेत, पण जे उचलावं त्याच्या मागे ‘शेंगदाणे व काजू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले’ ही ओळ! एका पाकिटावर तर तीच ओळ आयातदाराच्या स्टिकरखाली अर्धी दडली होती, नखाने खरवडून वाचली.

बरं, ज्यावर ती ओळ नाही ते बिनधास्त घ्यावं, तर तसंही नाही. घटकांत दाणे किंवा नट्स असतील तर इथे लिहावंच लागतं, २०२३ पासून तिळाचाही उल्लेख सक्तीचा झालाय. पण ‘अंश असू शकतो’ ही सूचना छापायची की नाही, ते कंपनीच्या मर्जीवर. नारळाचा आणखी वेगळा घोळ. एफडीएने (अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने) जानेवारी २०२५ मध्ये त्याला नट्सच्या यादीतून वगळलं, शाळेच्या यादीत मात्र तो अजून ठाण मांडून आहे. म्हणजे खोबऱ्याच्या वड्याही बाद.

पॉपकॉर्न सुचलं होतं, पण या वयात घशात अडकायची भीती. मार्शमॅलो आणि गमीजमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन, आणि वर्गात शाकाहारी मुलं आहेत. एन्जॉय लाइफ, मेडगुड यांच्या कुकीज नियमात बसतात, अगदीच काही जमलं नाही तर त्या नेईनच. पण नुसत्या कुकीज वाटायच्या तर दिवाळी कसली? अख्खं फळ चालतं, म्हणून छोट्या संत्र्यांच्या सालीवर मार्करने पणती काढायचा बेत आहे. एक काढून बघितली. नवऱ्याला ती होडी वाटली.

तर विचारायचं हे: दाणे, नट्स, तीळ यांचा स्पर्शही नसलेल्या कारखान्यातले राजगिऱ्याचे किंवा चुरमुऱ्याचे लाडू, शंकरपाळे, सोनपापडी सोडून एखादी मिठाई, असं काही इथे पाकिटात मिळतं का? ऑनलाइन मागवलेलंही चालेल. की खाऊचा नाद सोडून मातीच्या पणत्या रंगवायला देऊ?

‘त्या मुलाच्या आईलाच विचार’ असं कृपया सुचवू नका, शाळा नाव सांगत नाही आणि ते बरोबरच आहे. ‘एवढ्याशाने काही होत नाही’ हेही नको. ‘आमच्या वेळी नव्हत्या हो असल्या अ‍ॅलर्ज्या’ हे सासूबाईंकडून ऐकून झालंय.

बाईंना शुक्रवारपर्यंत लेबलांचे फोटो पाठवायचे आहेत. कुणाच्या घरात असं पाकीट असेल तर मागची बाजू नीट वाचता येईल असा फोटो इथे टाकाल का?