मदत हवी आहे: कासव शाळेत न्यावं का?

नमस्कार. आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. धाकटी तिसरीत आहे. शनिवारी वर्गात पाळीव प्राणी दाखवायचाय आणि तिला कासवच न्यायचंय. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली परदेशी जात आहे (आपल्याकडची बहुतेक देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, म्हणून आधीच सांगते). माझी खरी भीती साल्मोनेलाची. धडधाकट कासवाच्या अंगावरही हे जंतू असू शकतात. वर्गभर मुलं हात लावणार, मग डबा खाण्याआधी सगळी साबणानं हात धुतील? याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, आणि आमचं तीनच इंच! शिवाय रिक्षातले हिसके. घाबरलं की ते दिवसभर खात नाही. नुसते फोटो ने म्हटलं तर ती रडते. बंद टाकीत, हात न लावता दाखवलं तर चालेल? कुणी नेलंय का?