मदत हवी आहे : जैवसुरक्षा कायद्यात भरपाईचं कलम कसं मागावं?

शेती जैवसुरक्षा कायद्यातल्या (पिकं-जनावरांवरचे रोग आणि किडी रोखण्यासाठीचा कायदा) प्रस्तावित बदलांवर आमच्या शेतकरी गटाला लेखी म्हणणं द्यायचं आहे. साथ आली की जनावरं मारण्याचे, पीक नष्ट करण्याचे, वाहतूक थांबवण्याचे अधिकार यंत्रणेला हवेत, यावर गटात वाद नाही. अडलंय ते भरपाईवर.

मसुद्यात मारलेल्या जनावराची बाजारभावाने किंमत आहे. गोठा रिकामा राहील त्या काळातल्या दुधाचं काय, याचा उल्लेख नाही. ज्याच्याकडे रोगच नाही पण बंदीमुळे माल सडला, तो तर हिशेबातच नाही. असं असेल तर पहिलं आजारी जनावर कळवणार कोण? लोक लपवतील, उघड आहे.

न्यूझीलंडचा १९९३चा कायदा पाहिला. तिथे यंत्रणेने अधिकार वापरल्यामुळे झालेलं, पडताळता येणारं नुकसान भरून मिळतं. नियम मोडणाऱ्याला मात्र नाही. २०१७ मध्ये तिथे मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गुरांना आजारी पाडणारा जिवाणू सापडला, तेव्हा हेच कलम कामी आलं. ऑस्ट्रेलियात पशुरोगांसाठी सरकार आणि पशुपालन उद्योग ठरलेल्या वाट्याने खर्च उचलतात. तो मार्ग आम्हाला जमणार नाही, कारण इथे बहुतेक लहान शेतकरी आहेत, उद्योगाचा वाटा भरण्यासाठी लागणारा उपकर झेपणार नाही. विम्याचंही सुचवू नका, सरकारी आदेशाने झालेलं नुकसान आमच्या पॉलिसीत बसत नाही.

नोंदी वहीत, त्याही अर्धवट. अशा वेळी बुडालेल्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून कायद्यात नेमकं काय मान्य करून घ्यावं, आणि शेजारच्या निरोगी शेताचं नुकसान कोणत्या शब्दांत मागावं?