इंजिन चालू असतानाही गो-अराउंडमध्ये विमान का पडतं?

गो-अराउंड म्हणजे उतरणं रद्द करून पुन्हा वर चढणं. काहींना वाटतं की त्यात इंजिन पूर्ण ताकदीवर असताना विमान पडलं, म्हणजे इंजिनातच बिघाड असणार. तसं गरजेचं नाही. उलट गो-अराउंडमध्ये पूर्ण ताकद हाच अडचणीचा भाग असतो.

उतरताना नाक वर धरायला ट्रिम (योकवर सतत जोर न देता नाक हवं तिथे ठेवणारी जुळवणी) मागे लावलेला असतो. इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पूर्ण उघडला की नाक आपोआप जोरात वर उसळतं आणि विमान डावीकडे वळू बघतं. योक (वैमानिकासमोरचं हाताने चालवायचं चाक) पुढे दाबून धरायचा, उजवा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) द्यायचा. बहुतेक जण रडरच विसरतात.

मग फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली वाकवलेल्या पट्ट्या. सेसना १७२ एस या छोट्या विमानात त्या ३० अंशांवरून लगेच २० वर आणतात, कारण शेवटचे अंश उचल कमी आणि ओढ (हवेचा अडथळा) जास्त देतात. पुढे वेग साधारण ६० नॉटला (ताशी सुमारे ११० किमी) स्थिरावला की १०, अडथळे ओलांडून सुरक्षित उंची मिळाली की शून्य. कमी वेगात सगळे फ्लॅप एकदम उचलले तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत) वाढतो, आणि विमान त्याच्या खालीच उडत असतं.

जून २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळाजवळ सिरस एसआर२० हे छोटं विमान असंच पडलं, तिघे गेले. पुरेसा वेग येण्याआधी फ्लॅप उचलले, स्टॉल, मग स्पिन (गरगरत खाली कोसळणं), असा एनटीएसबीचा (अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा) निष्कर्ष आहे. सिरसला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं खरं, पण इतक्या कमी उंचीवर ते उघडायला वेळच मिळत नाही.