तैलरंगात समुद्र: दीड हजारात काय काय घेऊ?

नवखी_ठाणे: शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही. हर्णै बंदरातून दिसणारा सुवर्णदुर्ग तैलरंगात करून बघायचाय, फोटो आहे, निव्वळ हात बसावा म्हणून. रंग, ब्रश, कॅनव्हास धरून बजेट १५००. काय घेऊ?

रंगारी७७: स्वस्तातले रंग घेऊ नका, पस्तावाल. मी विन्सर अँड न्यूटनचा सेट आणि सागवानी इझल (कॅनव्हास ठेवायचा स्टँड) घेतला. साडेनऊ हजार गेले, पण रंग काय लागतो राव!

माडबन: दादा, ताईंनी दीड हजार लिहिलंय.
ताई, पाच ट्यूब पुरे. टायटॅनियम व्हाइट (मोठी घ्या, हीच आधी संपते), अल्ट्रामरीन, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लेमन यलो. आयता हिरवा नको, माड प्लॅस्टिकचे दिसतात. आणि आपला समुद्र मालदीवचा नाही, किनाऱ्याजवळ गढूळच असतो. निळ्यात ऑकर घालायला लाजू नका. ८ बाय १० इंचांचा कॅनव्हास बोर्ड बास.

आळशी_अजगर: +१. पांढरी ट्यूब मोठी घ्या.

बाबूराव_डोंबिवली: रंग पातळ करायला टर्पेंटाइन महाग म्हणून मी रॉकेल वापरलं. घरात आठवडाभर वास, बायको माहेरी. वर पहिल्याच थरात जवसाचं तेल ओतलं, दुसरा थर पातळ दिला. सहा महिन्यांत आभाळाला भेगा.

माडबन: उलटं केलंत. आधी पातळ, मग तेलकट.

रंगारी७७: तैलरंग म्हटला की रविवर्म्याची ती दिवा धरलेली बाई. तसा उजेड आणा पाण्यावर.

चौकस: अवांतर: ती बाई रविवर्म्याची नाही, सावंतवाडीच्या हळदणकरांची. आणि ते जलरंगातलं चित्र आहे. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये जाऊन बघा.

रंगारी७७: आमच्याकडे कॅलेंडर होतं, त्यावर रविवर्मा छापलेलं.

चौकस: कॅलेंडरवर कायपण छापतात.

गॅलरीतली_काकू: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका गं. आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून मगच फेक.

आळशी_अजगर: धाग्याचं काश्मीर झालं, मूळ विषय राहिला बाजूला. हळदणकरांवर वेगळा धागा काढा.

नवखी_ठाणे: सगळ्यांचे आभार! काकू, फडक्यांसाठी डबा ठेवलाय. आज दुकानात २४ बाय ३६ चा कॅनव्हास सवलतीत ९०० ला मिळाला, सोफ्यावरची भिंत रिकामीच आहे. उरलेल्यात पांढरा, निळा, एक चपटा ब्रश. आणि आयता हिरवा. फोटोत माड फार आहेत हो.

रंगारी७७: इझल नाही घेतलात?