रिक्वायरमेंट लिहिण्याआधी ध्येयांचं चित्र काढावं का?

धागाकर्ती
माझं मत: काढावंच. सिस्टीमने काय करावं हे लिहायच्या आधी ती कुणाला आणि कशासाठी हवी आहे, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. एरिक यू यांनी १९९५ साली टोरांटो विद्यापीठातल्या प्रबंधात आय-स्टार ही ध्येयांची चित्रं काढायची पद्धत मांडली ती याचसाठी. प्रत्येक भूमिकेचं एक वर्तुळ, तिची ध्येयं आत, आणि कोण कुणावर अवलंबून ते दाखवणाऱ्या रेघा.

एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं काम होतं. व्यवस्थापनाने लेखी दिलेलं: दर १० मिनिटांना एक पेशंट. चित्र काढायला बसलो तेव्हा डॉक्टरांच्या वर्तुळात 'पेशंटचं नीट ऐकून घेणं' हा ढग आला (काटेकोर मोजता न येणारी ध्येयं ढगात दाखवतात). त्या १० मिनिटांकडून ढगाकडे जाणाऱ्या बाणावर 'बाधक' लिहावं लागलं. रिसेप्शनचं 'तातडीचा पेशंट मध्येच घेणं' तर मागणीपत्रात कुठेच नव्हतं. त्या मागणीपत्रावर सगळ्यांच्या सह्या होत्या, भांडण मात्र या बाणावरून झालं. व्हायलाच हवं होतं.

जुना डेव्हलपर
भांडण झालं ते तुम्ही डॉक्टर आणि रिसेप्शन एका खोलीत बसवलेत म्हणून. चित्राला कशाला श्रेय? षटकोन म्हणजे काम, लंबगोल म्हणजे ध्येय, हे क्लायंटला समजावण्यातच माझी अर्धी बैठक गेली आहे. डॅनियल मूडी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आय-स्टारच्या चिन्हांबाबत नेमकं इथेच बोट ठेवलं: आकार बघून अर्थ सुचत नाही, पाठ करावा लागतो. पाच-सहा भूमिका झाल्या की नुसतं कोळ्याचं जाळं. प्रत्येक मागणीपुढे 'कशासाठी?' असा रकाना ठेवा, काम भागतं.

धागाकर्ती
नाही भागत. चौथ्या ओळीतलं कारण एकसष्टाव्या ओळीतल्या कारणाच्या मुळावर उठतंय, हे रकाने वाचून कुणाच्या लक्षात येणार? चिन्हांबद्दल मात्र मान्य. २०१६ च्या आय-स्टार २.० मध्ये परिणाम दाखवणारे बाण चार प्रकारांवर आणले, ते बरं झालं. क्लायंटसमोर मी चिन्हांची नावंही घेत नाही.

अॅनालिस्ट
माझी हरकत वेगळी आहे. खरं ध्येय चित्रात लिहू देतं कोण? एका कामात मी 'मनुष्यबळ कमी करणं' असं स्पष्ट लिहिलं. पुढच्या बैठकीआधी ते खोडायला लावलं, जागी 'कार्यक्षमता वाढवणं' आलं. असं धुतलेलं चित्र अर्धवट यादीपेक्षा वाईट. नीटनेटकं दिसतं, म्हणून सगळे विश्वास ठेवतात.

जुना डेव्हलपर
हेच तर म्हणतोय मी!

धागाकर्ती
खोडण्याआधीची प्रत ठेवली होतीत का?

अॅनालिस्ट
वहीत होती. सहा महिन्यांनी कर्मचारीनिहाय कामाच्या वेळेचा रिपोर्ट मागितला गेला, तेव्हा डेटाबेसमध्ये त्याची सोय मी त्या प्रतीवरून आधीच करून घेतली होती. पण क्लायंटने सही केलेलं चित्र ते नव्हे.