प्रतिसाद: आवाज तरी तोच आहे ना!
गाड्यांचे रोबो होतात त्या २००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सिनेमाने १९८४ च्या मूळ कार्टूनची पार वाट लावली, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत, दादा. रोबोंचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम, त्याचा चपट्या तोंडाचा ट्रक जाऊन लांब नाकाचा पीटरबिल्ट ट्रक आला, त्याचा साथीदार बंबलबीच्या बीटल गाडीची कॅमारो गाडी झाली, मान्य. पण ऑप्टिमसचा आवाज? तोच पीटर कलन! इथे सोलापुरात नवी पेठेतून घेतलेला ऑप्टिमसचा प्लास्टिकचा खेळण्यातला ट्रक आमच्याकडे अजून आहे. उजवा हात मागे वळवून दाबल्याशिवाय त्याचा रोबो होतच नाही. पडद्यावर तसाच एकेक पत्रा सरकत ऑप्टिमस उभा राहिला, तेव्हा अंगावर काटा आला होता. पोरांना दाखवाल तेव्हा हिंदी डबिंग नको, इंग्रजीतच दाखवा. पुढच्या भागांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. तिथे नुसती आदळआपट आहे.